सिकलसेलच्या आजारात पांढऱ्या पेशी काय करतात?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. वय वर्षे ४० पर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही, असे तिचे उद्दिष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांमध्ये अशा तपासण्यांमुळे ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द घराघरांत पोहोचले आहेत. मात्र ज्या घरातले मूल ‘एसएस’ निघते, तिथे खरी कोडी त्यानंतर पडू लागतात. आजार तांबड्या पेशींचा आहे असे सांगितले जाते, मग दर खेपेला डॉक्टर रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा का पाहतात? साधा ताप आला किंवा थंडी बाधली की हाडे फुटतील अशा वेदना का सुरू होतात? आणि कर्करोगाच्या रुग्णांना दिले जाणारे औषध या लेकराला का दिले जाते?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. सिकलसेल हा तांबड्या पेशींत जन्मणारा, परंतु पांढऱ्या पेशींच्या हातून उग्र होणारा आजार आहे, हे गेल्या पंचवीस वर्षांत हळूहळू स्पष्ट झाले. ते स्पष्ट करण्यात पॉल फ्रेनेट या संशोधकाचा वाटा फार मोठा आहे. कॅनडातील क्विबेक प्रांतात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेल्या या शास्त्रज्ञाचे २०२१ मध्ये निधन झाले. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, परंतु त्यांनी जे पाहिले त्याचा संबंध विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या हजारो कुटुंबांशी आहे.

मूळ दोष कुठे असतो?

रक्तातील तांबड्या पेशींचे काम फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचवण्याचे असते आणि त्यासाठी त्यांच्यात हिमोग्लोबिन हे प्रथिन ठासून भरलेले असते. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्या. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार साखळ्या असतात आणि त्यांपैकी दोन ‘बीटा’ प्रकारच्या, प्रत्येकी १४६ अमिनो आम्लांच्या असतात. सिकलसेलमध्ये या बीटा साखळीतील सहाव्या जागेवर ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. दोष एवढाच. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले. आणि त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रम यांनी बदललेले ते एक अमिनो आम्ल शोधून काढले. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली.

हा एक बदल झालेले हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून रिकामे झाले, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात आणि त्या दोरांच्या ताणाने पेशी वाकडी, टणक होते. एका पालकाकडूनच हा दोष आला असेल, तर मूल ‘एएस’ म्हणजे वाहक असते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते. दोन्ही पालकांकडून आला असेल, तर ते ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असते. पुढचे सर्व विवेचन रुग्णांविषयी आहे.

पेशी वाकडी झाली म्हणून वाहिनी बंद पडते का?

रुग्णांना अधूनमधून तीव्र वेदनांचे झटके येतात. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. बारीक रक्तवाहिन्यांत रक्त अडकते, पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो आणि हाडे, सांधे, पोट, छाती असह्य दुखू लागतात. याचे जुने स्पष्टीकरण सरळ होते: वाकड्या, कडक पेशी केसाहून बारीक वाहिन्यांत अडकतात आणि वाहिनी तुंबते.

या स्पष्टीकरणात एक अडचण होती, आणि ती वेळेची होती. हिमोग्लोबिनचे दोर तयार व्हायला थोडा अवधी लागतो. तांबडी पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात पार होते आणि पुढे रुंद वाहिनीतून फुप्फुसांकडे जाऊन पुन्हा प्राणवायू घेते. म्हणजे बहुतेक पेशींना अरुंद जागेत वाकडे व्हायला पुरेसा वेळच मिळत नाही. दोष पेशींत चोवीस तास आहे, प्राणवायूची देवघेवही चोवीस तास चालू आहे, तरी क्रायसिस मात्र कधीतरीच येतो, याचा अर्थ प्रवाह मंदावणारे आणखी काहीतरी त्या वेळी घडत असले पाहिजे. पेशींचा प्रवास रेंगाळला, तरच त्या अरुंद जागेत असताना वाकतात.

दुसरा धागा रुग्णालयांतल्या नोंदींमधून मिळाला. १९९४ मध्ये अमेरिकेतील ३,७६४ रुग्णांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या प्रौढ रुग्णांत पांढऱ्या पेशींची संख्या एरवीही, म्हणजे कोणताही संसर्ग नसताना, दर घन मिलिमीटरला १५,००० च्या वर होती, त्यांना अकाली मृत्यूचा धोका अधिक आढळला. निरोगी माणसात ही संख्या साधारण ४,००० ते ११,००० असते. शिवाय, पांढऱ्या पेशी वाढवणारे औषध अन्य कारणासाठी दिल्यावर काही सिकलसेल रुग्णांना गंभीर क्रायसिस आल्याचे, क्वचित मृत्यू ओढवल्याचेही दिसून आले होते. तांबड्या पेशींच्या आजारात पांढऱ्या पेशींचा आकडा भविष्य सांगत असेल, तर त्या पेशी केवळ प्रेक्षक नसाव्यात, अशी शंका बळावली.

दाह आणि न्यूट्रोफिल

इथे दोनच पारिभाषिक शब्द समजून घ्यावे लागतील. पहिला ‘दाह’. काटा रुतल्यावर बोट लाल होते, सुजते, ठणकते, तो दाह. जखम किंवा जंतू यांच्या विरोधात शरीराने उभारलेली ती मोहीम असते आणि वेळेत सुरू होऊन वेळेत थांबली तर ती आपल्याला वाचवते. दुसरा शब्द ‘न्यूट्रोफिल’. पांढऱ्या पेशींमध्ये सर्वाधिक संख्या यांची असते. अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि रक्तात आल्यावर त्या फार काळ टिकत नाहीत.

न्यूट्रोफिलला रक्ताच्या वेगवान प्रवाहातून बाहेर पडून जखमेच्या जागी पोहोचायचे असते. त्यासाठी दाह सुरू झालेल्या भागात रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू उगवतात. पी-सिलेक्टिन अस्तराच्या पेशींत आधीच साठवलेले असते आणि काही मिनिटांत पृष्ठभागावर येते. ई-सिलेक्टिन नव्याने तयार व्हायला काही तास लागतात. या रेणूंना धरत धरत न्यूट्रोफिल अस्तरावरून घरंगळते, मंदावते, घट्ट चिकटते आणि मग भिंतीतून पलीकडे जाते. निरोगी माणसात या सगळ्यात काही बिघडत नाही, कारण चिकटलेल्या न्यूट्रोफिलच्या बाजूने तांबड्या पेशी सहज निसटून जातात.

फ्रेनेट यांनी सूक्ष्मदर्शकातून काय पाहिले?

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेनेट न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात होते. मानवी सिकल हिमोग्लोबिन तयार करणारे उंदीर त्या सुमारास उपलब्ध झाले होते. परीक्षानळीतल्या रक्ताऐवजी जिवंत प्राण्याच्या वाहिनीतून वाहते रक्तच पाहायचे, असे त्यांच्या गटाने ठरवले. भूल दिलेल्या उंदराच्या एका पातळ स्नायूतील बारीक वाहिन्यांवर सूक्ष्मदर्शक रोखून त्यांनी चित्रीकरण केले आणि दाह वाढवणारे द्रव्य दिल्यावर काय होते ते पाहिले.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातील निरीक्षण असे होते. सर्वांत अरुंद केशवाहिन्या ओलांडून रक्त जिथे परतीच्या बारीक शिरांत येते, तिथे आधी पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत होत्या. मागून येणाऱ्या वाकड्या तांबड्या पेशी त्या चिकटलेल्या पांढऱ्या पेशींवर येऊन अडकत होत्या. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी असे होत होत प्रवाह मंदावे आणि अखेर थांबे.

ज्यांनी शेतात पाटाचे पाणी दिले आहे, त्यांना हे पटकन उमजेल. पाण्याबरोबर पालापाचोळा वाहत येतच असतो आणि तो एकटा सहसा पाट तुंबवत नाही. पण काठाला एखादी काटेरी फांदी रुतून बसली, की पहिले पान तिला अडते, त्याला दुसरे अडते आणि थोड्या वेळात पाणी बांधावरून फुटते. वाकड्या तांबड्या पेशी हा पालापाचोळा आणि चिकटलेले न्यूट्रोफिल ही ती फांदी. पालापाचोळा नसता तर पाट तुंबला नसता हे खरेच, परंतु फांदी काढली तरीही पाणी वाहते राहते.

फ्रेनेट यांच्या गटाने ही फांदी काढूनही पाहिली. पी आणि ई ही दोन्ही सिलेक्टिने जन्मतःच नसलेल्या उंदरांमध्ये त्यांनी सिकल उंदरांची अस्थिमज्जा बसवली. या उंदरांच्या रक्तात तांबड्या पेशी सदोषच होत्या, पण न्यूट्रोफिल भिंतीला नीट चिकटू शकत नव्हते. वाहिन्या तुंबण्यापासून ते उंदीर बचावले. माझ्या मते या साऱ्या संशोधनातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग आहे, कारण दोष जागच्या जागी ठेवून केवळ दाहाची एक पायरी काढून घेतली, तरी आजाराचे रूप बदलते हे त्याने थेट दाखवले. पुढे २००९ मध्ये त्याच गटाने अधिक बारकाईने सांगितले की ई-सिलेक्टिनचा स्पर्श झालेल्या न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर ‘मॅक-वन’ नावाचा रेणू जागा होतो आणि तोच तांबड्या पेशींना पकडून ठेवतो.

जंतू नाहीत, जखम नाही, तरी दाह कशामुळे?

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णातली पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतून हिमोग्लोबिन रक्तात सांडते आणि त्यातून ‘हीम’ हा लोहयुक्त भाग मोकळा होतो. हीम हिमोग्लोबिनच्या आत असते तोवर जीवनदायी असते. मोकळे झाले की त्रासदायक ठरते. ते गोळा करून नेणारी प्रथिने निरोगी रक्तात पुरेशी असतात, परंतु रोजच्या रोज एवढ्या पेशी फुटत राहिल्या तर ती अपुरी पडतात. मग हे मोकळे हीम अस्तरावरील अशा एका ग्राहक रेणूला (रिसेप्टरला) जाऊन भिडते, जो एरवी जंतूंच्या कवचाचे तुकडे ओळखून धोक्याची सूचना देण्यासाठी असतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हा दुवा दाखवला. म्हणजे जंतू नसतानाही शरीराला जंतूंचा हल्ला झाल्यासारखे वाटते, पी-सिलेक्टिन बाहेर येते आणि न्यूट्रोफिल चिकटू लागतात. सांडलेले हिमोग्लोबिन आणखी एक नुकसान करते: वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू ते शोषून घेते.

हे एक दुष्टचक्र आहे. पेशी फुटल्याने दाह होतो, दाहाने प्रवाह मंदावतो, मंदावलेल्या प्रवाहात पेशी अधिक वाकतात आणि अधिक फुटतात. अशा शरीरात दाह कधीच पूर्ण शमलेला नसतो. तो धुमसत असतो. त्यामुळे ताप, थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम अशी एरवी किरकोळ वाटणारी निमित्ते क्रायसिसला पुरेशी होतात. तापात दाह वाढवणारी द्रव्ये आपोआप स्रवतात, थंडीत वाहिन्या आकसतात, पाणी कमी झाल्यावर तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन दाट होऊन त्याचे दोर लवकर तयार होतात. ‘एवढ्याशा तापाने एवढे काय दुखते’ असे रुग्णाला ऐकवणाऱ्यांनी, मग ते घरातले असोत वा दवाखान्यातले, हे आवर्जून समजून घ्यायला हवे. बाहेरून सूज दिसत नाही, एक्स-रेमध्ये बहुधा काही सापडत नाही, तरी वेदना खरी असते.

फ्रेनेट यांच्या प्रयोगशाळेने या चित्रात आणखी एक अनपेक्षित भाग जोडला. तोवर ते न्यूयॉर्कच्याच अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात गेले होते. सर्व न्यूट्रोफिल सारखे नसतात, रक्तात अधिक वेळ फिरलेले ‘जुने’ न्यूट्रोफिल अधिक चिकट आणि अधिक आक्रमक असतात, आणि त्यांचे प्रमाण आतड्यातल्या जिवाणूंकडून येणाऱ्या संकेतांवर अवलंबून असते, असे त्यांनी २०१५ मध्ये मांडले. प्रतिजैविके देऊन सिकल उंदरांच्या आतड्यातले जिवाणू कमी केल्यावर जुने न्यूट्रोफिल घटले आणि वाहिन्या तुंबण्याचे प्रमाणही घटले. पेनिसिलिन नियमित घेणाऱ्या सिकलसेल रुग्णांच्या रक्तातही जुने न्यूट्रोफिल कमी आढळले. यावरून कोणी मनाने प्रतिजैविके सुरू करू नयेत, हे निक्षून सांगितले पाहिजे. लहान रुग्णांना पेनिसिलिन देतात ते वेगळ्या कारणासाठी: या आजारात प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा अवयव, निकामी होत जाते आणि न्यूमोकोकस जिवाणूचा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो.

हे तर उंदरांत दिसले, माणसांचे काय?

आक्षेप रास्त आहे. उंदराची वाहिनी आणि माणसाची वाहिनी यांत फरक आहेत, आणि प्रयोगशाळेत दाह मुद्दाम भडकवलेला असतो. तरीही तीन गोष्टी एकमेकींना पुष्टी देतात. पांढऱ्या पेशींची संख्या आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध माणसांच्याच नोंदींतून आला आहे. पांढऱ्या पेशी वाढवल्यावर झालेले नुकसानही माणसांतच दिसले आहे. आणि पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर काय होते, याचा पुरावा तर एका जुन्या, स्वस्त औषधाने दिला आहे.

हायड्रॉक्सियुरिया: कर्करोगाचे औषध लेकराला कशासाठी?

हायड्रॉक्सियुरिया हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत पेशींची बेसुमार वाढ रोखण्यासाठी वापरले जाते. सिकलसेलमध्ये ते वापरण्यामागचा मूळ विचार वेगळा होता. गर्भात असताना बाळाच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असते, त्यात बीटा साखळी नसते, म्हणून सिकलचा दोषही नसतो. हे औषध त्या गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि ते दोर तयार होण्यात अडथळा आणते. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी १९९५ मध्ये ठरलेल्या वेळेआधीच थांबवावी लागली, कारण लाभ स्पष्ट दिसू लागला होता: क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या रुग्णाला वर्षाला ४.५ ऐवजी २.५ क्रायसिस.

त्या चाचणीच्या आकड्यांकडे नंतर पुन्हा पाहिल्यावर मात्र एक वेगळी गोष्ट ध्यानात आली. काही रुग्णांना गर्भकालीन हिमोग्लोबिन पुरेसे वाढण्याआधीच बरे वाटू लागले होते, आणि न्यूट्रोफिलांची संख्या घटणे व क्रायसिस घटणे यांचा स्वतंत्र संबंध दिसत होता. ज्याला औषधाचा दुष्परिणाम समजले गेले होते, तो गुणाचाच एक भाग होता. डॉक्टर दर खेपेला पांढऱ्या पेशींचा आकडा पाहतात, त्यामागे म्हणूनच दोन कारणे आहेत. औषध काम करते आहे का हे त्यातून कळते, आणि संख्या फार खाली गेली नाही ना याचीही खात्री होते.

‘पांढऱ्या पेशी कमी केल्या तर मुलाला सारखा संसर्ग होणार नाही का?’ ही आईवडिलांची भीती स्वाभाविक आहे. हेतू न्यूट्रोफिल संपवण्याचा नसून वाढलेली संख्या खाली आणण्याचा असतो. पांढऱ्या पेशी ठरलेल्या पातळीखाली गेल्या तर औषध काही दिवस थांबवतात आणि मात्रा कमी करून पुन्हा सुरू करतात. या भीतीला आफ्रिकेतून फार चांगले उत्तर मिळाले आहे. अंगोला, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, केनिया आणि युगांडा या चार देशांतील ६०० हून अधिक मुलांना हे औषध देऊन पाहिलेले निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारापूर्वीच्या काळाच्या तुलनेत क्रायसिस निम्म्याहून कमी झाले, मलेरियाचे प्रमाणही सुमारे निम्म्यावर आले आणि मृत्यू घटले. मलेरिया आणि कुपोषण असलेल्या भागात हे औषध धोक्याचे ठरेल अशी जी शंका होती, ती या अभ्यासाने बरीचशी दूर केली, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यासाठी ही बाब थेट महत्त्वाची आहे.

मग सरळ दाह कमी करणारे औषध का देत नाहीत?

हा प्रश्न सुचणे साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर थोडे निराश करणारे, पण शिकवणारे आहे. दाह दाबणारी सर्वांत परिचित औषधे म्हणजे स्टेरॉइड. १९९४ मधील एका चाचणीत क्रायसिसने दाखल झालेल्या मुलांना मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दिल्यावर वेदनाशामक औषधांची गरज सरासरी ७१ तासांऐवजी ४१ तासच लागली. परंतु औषध बंद केल्यावर क्रायसिस उलटून येण्याचे प्रमाण वाढले. दाह वरून दडपला आणि हात काढून घेतला, की तो उसळून येतो. त्यामुळे गावातल्या कोणी दुखण्यावर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले आणि तात्पुरते बरे वाटले, तरी सिकलसेलच्या रुग्णासाठी तो खात्रीचा उपाय मानता येत नाही.

फ्रेनेट यांच्या प्रयोगांनी अधिक नेमका मार्ग सुचवला होता: संपूर्ण दाह न दडपता फक्त सिलेक्टिन अडवायचे. त्यातून क्रिझान्लिझुमॅब हे पी-सिलेक्टिनला झाकणारे औषध आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९८ रुग्णांच्या चाचणीत क्रायसिसचे वार्षिक प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र निष्क्रिय नकली औषधाच्या (प्लासिबोच्या) तुलनेत त्याचा लाभ सिद्ध झाला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपातील मान्यता काढून घेतली गेली. प्रामुख्याने ई-सिलेक्टिन अडवणारे रिव्हिपान्सेल हे औषधही २०१९ मध्ये अंतिम चाचणीत अपयशी ठरले.

तर मग मूळ सिद्धांतच चुकीचा होता का? मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. रिव्हिपान्सेलच्या आकड्यांचे नंतर विश्लेषण केले तेव्हा, वेदना सुरू झाल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यात लाभ दिसला. मागाहून केलेल्या विश्लेषणाला पहिल्या प्रतीचा पुरावा मानत नाहीत, हे खरे. परंतु पाट पूर्ण तुंबून गेल्यावर फांदी ओढून काय उपयोग, हा विचार त्याच्याशी जुळतो. शिवाय चिकटण्याचे मार्ग अनेक आहेत. पिट्सबर्ग येथील संशोधकांनी सिकल उंदरांच्या फुप्फुसांत न्यूट्रोफिल आणि बिंबिका, म्हणजे रक्त गोठवण्यास मदत करणारे कण, एकत्र गोळा होऊन वाहिन्या बंद करताना पाहिले आहेत. एक रेणू अडवला तर शरीर दुसऱ्या वाटेने तेच साधू शकते.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. व्हॉक्सेलोटर हे औषध केवळ तांबड्या पेशींच्या दोषावर रोखलेले होते. त्याने हिमोग्लोबिनची पातळी वाढली, परंतु चाचणीत क्रायसिस लक्षणीयरीत्या घटले नाहीत, आणि क्रायसिस व मृत्यू यांविषयीच्या चिंतेमुळे सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. रक्ताच्या अहवालातला हिमोग्लोबिनचा आकडा सुधारला म्हणजे आजार आवरला, असे समीकरण मांडता येत नाही, हे त्यातून दिसले.

जनुकोपचार आल्यावर हे सगळे गैरलागू होणार नाही का?

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी दोन जनुकोपचारांना मान्यता मिळाली. त्यांत रुग्णाच्या मज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून बदलतात आणि परत शरीरात सोडतात. त्यांच्या जाहीर किमती २२ लाख आणि ३१ लाख डॉलर होत्या, आणि उपचाराआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. जनुकोपचार मुळावरच घाव घालतो, म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. पण जगातले बहुसंख्य रुग्ण आफ्रिका आणि भारतात आहेत. त्यांच्यापर्यंत तो पोहोचेपर्यंतची वर्षे आजच्या मुलांना ज्या औषधांवर काढायची आहेत, त्यांचा विचार आजच करावा लागतो.

आपल्याकडच्या रुग्णांसाठी याचा अर्थ

भारतातील बहुतेक रुग्णांत सिकलचे जनुक ज्या प्रकारचे आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या प्रकारात गर्भकालीन हिमोग्लोबिन साधारणपणे अधिक असते, त्यामुळे भारतीयांचा सिकलसेल सौम्य असतो असा समज दीर्घकाळ होता. नागपूर परिसरातील बालरोगतज्ज्ञांच्या नोंदींनी तो समज पुरता टिकू दिलेला नाही. विदर्भातल्या अनेक मुलांना वारंवार क्रायसिस येतात, रक्त द्यावे लागते आणि संसर्गासाठी दाखल करावे लागते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी हायड्रॉक्सियुरियाची दर किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅम ही कमी, ठरावीक मात्राही मुलांत परिणामकारक ठरते, हे दाखवले आहे. वारंवार मात्रा वाढवत नेऊन तितक्याच वेळा तपासण्या करणे जिथे शक्य नसते, तिथे या निष्कर्षाचे महत्त्व फार आहे.

दाहाची बाजू ध्यानात घेतली, की घरी काय सांभाळायचे याला नेमकेपणा येतो. रुग्णाला ताप आला तर तो घरी अंगावर काढायचा नसतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते, कारण संसर्ग आणि क्रायसिस दोन्ही एकाच वाटेने वाढतात. छातीत दुखणे आणि दम लागणे ही याहूनही तातडीची लक्षणे आहेत. न्यूमोकोकसची लस, पाच वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितलेले पेनिसिलिन, भरपूर पाणी आणि थंडीत ऊबदार कपडे यांमुळे दाहाची निमित्तेच कमी होतात. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ते बरे वाटू लागले म्हणून बंद करू नये, आणि स्त्रीला गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावे.

शासनाच्या बाजूने पाहिले, तर तपासणी शिबिरात पॅटर्न कळणे ही पहिली पायरी झाली. हायड्रॉक्सियुरिया महागडे औषध नाही, परंतु ते सुरक्षितपणे द्यायचे तर काही आठवड्यांनी, आणि मात्रा स्थिरावल्यावर काही महिन्यांनी, रक्तातील पेशींची मोजणी करावी लागते. ती सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल, तर भामरागड किंवा धडगाव तालुक्यातल्या आईला एका रिपोर्टसाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते, आणि दोनतीन फेऱ्यांनंतर औषध सुटते. पेशी मोजणारे यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि न खंडणारा औषधपुरवठा या तीन गोष्टी तिच्या जवळच्या केंद्रात असतील, तर आज उपलब्ध असलेल्या ज्ञानाचा तिच्या मुलाला लाभ मिळू शकतो.